गाडी जुनी, हात जाणता

कचेरीत हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्या माणसाला 'घसारा' हा शब्द रोजच्या भाकरीइतका परिचयाचा असतो. शंभर रुपयांची मोटार प्राप्तिकराच्या नियमाप्रमाणे दरवर्षी पंधरा टक्के घसाऱ्याने उतरवत नेली, तर दहा वर्षांनी वहीत तिची किंमत वीस रुपयांच्या आसपास उरते आणि पंधरा वर्षांनी ती नऊ रुपयांच्याही खाली जाते. वही खोटे बोलत नाही. पण ती पुरते खरेही सांगत नाही. कारण वहीत जवळजवळ संपलेल्या त्याच गाडीवर एखाद्या घरातील मुलांची फी भरली जात असते, आजारी माणूस रात्री दवाखान्यात पोहोचत असतो आणि बाजारचा माल तालुक्याला जात असतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, गाडीचे उरलेले आयुष्य वहीतील आकडा ठरवीत नाही. तिची निगा राखणारा हात ठरवितो. सपाट, कोरड्या रस्त्यावर हे जितके खरे, त्याहून अधिक ते बर्फात खरे आहे. आपल्या रस्त्यावर निगा राखली नाही तर गाडी बंद पडते. बर्फात निगा राखली नाही तर माणूस जातो.

नगरला बर्फाचे काय काम?

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगर जिल्ह्यात, बर्फ कोठून आला, असे वाचक विचारतील. आपल्याकडे पाऊसच मोजूनमापून पडतो. बर्फ दिसतो तो उन्हाळ्यात रसवंतीवर आलेल्या लादीपुरता. थंडीत पारा कधी दहा अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा सकाळी जीपचा सेल्फ कुरकुरतो आणि चार जणांनी धक्का मारला की काम भागते.

तरीही बर्फातील गाडीशी नगरचे नाते जुने आहे. भारतीय लष्कराच्या रणगाडा दलाचे केंद्र व शाळा १९४८ पासून नगरला आहे. यांत्रिक पायदळाचे केंद्रही येथेच आहे आणि लष्करी वाहनांचे संशोधन व चाचणी करणारी व्ही.आर.डी.ई. ही संस्थाही येथेच आहे. देशभरातून आलेले जवान नगरच्या धुळीत वाहन चालवायला आणि दुरुस्त करायला शिकतात आणि पुढे लडाख, काश्मीर, सिक्कीमच्या बर्फात जातात. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी घरांतील मुले लष्करात आणि सीमा रस्ते संघटनेत चालक, फिटर, मेकॅनिक म्हणून काम करून आली आहेत. शिवाय आता हौसेने जुनी जीप घेऊन मनाली-लेहकडे निघणारे तरुणही गावोगाव दिसतात, आणि कोणाचा भाचा, कोणाची मुलगी कॅनडा-अमेरिकेत जुनी गाडी घेऊन हिवाळा काढीत असते. तेव्हा हा विषय दिसतो तितका परका नाही.

झोजिलाचा धडा

जुन्या गाडीने बर्फात काय करता येते, याचे आपल्या देशातील सर्वांत मोठे उदाहरण १९४८ सालचे आहे. श्रीनगरहून द्रास-कारगिलमार्गे लेहला जाणारा रस्ता झोजिला खिंडीतून जातो. खिंडीची उंची ३,५२८ मीटर, म्हणजे सुमारे साडेअकरा हजार फूट. १९४८ साली ही खिंड हल्लेखोरांच्या ताब्यात होती आणि हिवाळ्यापूर्वी ती मोकळी झाली नसती, तर लेहचा आधार तुटला असता. सप्टेंबरमध्ये पायदळाने केलेले हल्ले यशस्वी झाले नाहीत. तेव्हा जनरल थिमय्या यांनी रणगाडे खिंडीत चढवण्याचे ठरविले.

हे रणगाडे होते सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट जातीचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बनविलेले, वजन सुमारे पंधरा टन. त्या काळातील मोठ्या रणगाड्यांपुढे ते हलके आणि मागे पडलेले समजले जात. गंमत अशी की, एम-५ जातीच्या या स्टुअर्टच्या पोटात कॅडिलॅक मोटारीची दोन व्ही-८ पेट्रोल इंजिने होती. युद्धकाळात विमानाच्या जातीची इंजिने पुरेनात, म्हणून शहरी श्रीमंतांच्या मोटारीचे इंजिन आणि तिचा आपोआप बदलणारा गिअर रणगाड्यात बसविला गेला. म्हणजे झोजिला चढून गेले ते एका अर्थाने जुन्या मोटारीचेच इंजिन होय.

जम्मूकडून श्रीनगरमार्गे बालटालपर्यंत हे रणगाडे न्यायचे, तर वाटेतले पूल त्यांचे वजन पेलणारे नव्हते. म्हणून रणगाड्यांचे वरचे बुरूज काढून वेगळे नेण्यात आले. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून धड ताडपत्रीखाली झाकण्यात आले. बालटालपासून वर खेचरांची पायवाट होती. मद्रास सॅपर्सच्या दोन कंपन्यांनी ती फोडून, रुंद करून जीप जाईल अशी केली. हवामानाने तारीख मागे ढकलली. अखेर १ नोव्हेंबर १९४८ रोजी लेफ्टनंट कर्नल राजिंदरसिंग 'स्पॅरो' यांचे रणगाडे खिंडीत शिरले. इतक्या उंचीवर रणगाडे लढविण्याची जगातील ही पहिलीच वेळ मानली जाते. खिंड मोकळी झाली, त्याच महिन्यात द्रास आणि कारगिल हाती आले आणि लेहकडील तुकडीशी गाठ पडली.

या लढाईत शूरांची नावे इतिहासाने लिहून ठेवली, ते योग्यच आहे. पण ज्यांनी बुरूज उतरवले आणि पुन्हा बसवले, नट जागच्या जागी आवळले, गोठत्या पहाटे पाण्याने थंड होणारी ती इंजिने सुरू केली, त्या फिटरांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? वहीत घसाऱ्याने उतरलेली वस्तू त्या हातांनी पुन्हा उपयोगी करून दाखवली. आमच्या मते झोजिलाचा हा दुसरा धडा पहिल्याइतकाच मोलाचा आहे.

पाणी, तेल, डिझेल आणि बॅटरी

आता तो हात नेमके काय करतो ते पाहू. बर्फात जुन्या गाडीचे चार शत्रू इंजिनाच्या आसपासच असतात.

पहिला शत्रू पाणी. आपल्याकडे जुन्या जीपच्या रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी ओतले तरी गाडी चालते. पण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. बंद जागेत फुगलेला बर्फ बिडाचा इंजिन ब्लॉक फोडतो, आणि ब्लॉक फुटला की गाडीचा जीवच गेला. म्हणून पाण्यात कूलंट लागते. पाणी आणि ग्लायकॉल निम्मेनिम्मे केले तर मिश्रण उणे पस्तीस अंशांच्याही खाली टिकते. जुन्या गाडीत कूलंट भरण्यापूर्वी रेडिएटर धुऊन घ्यावा आणि होजपाइप दाबून पाहावेत. चिरा पडलेला पाइप बदलावा. माताभगिनींनी एक ध्यानात ठेवावे. हे द्रव्य चवीला गोडसर आणि पोटात गेल्यास विषारी असते. डबा मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडापासून दूर ठेवावा, आणि काढलेले जुने कूलंट अंगणात किंवा गटारात ओतू नये.

दुसरा शत्रू घट्ट झालेले ऑइल. आपल्याकडे जुन्या इंजिनात वीस-चाळीस नंबरचे ऑइल घालतात. ते उणे वीस अंशांत काकवीसारखे घट्ट होते. सेल्फ फिरत नाही, आणि फिरला तरी पहिल्या काही क्षणांत वरच्या भागांना ऑइल मिळत नाही. डब्यावरील आकड्यापुढचे इंग्रजी 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्याचे असते. त्यापूर्वीचा आकडा जितका लहान, तितके ऑइल थंडीत पातळ राहते. बर्फाकडे जाण्यापूर्वी गाडीच्या पुस्तिकेत चालत असेल ते पातळ ऑइल भरावे, आणि परत आल्यावर इथल्या उन्हाळ्यासाठी पूर्वीचे घालावे.

तिसरा शत्रू डिझेल स्वतःच. डिझेलमध्ये मेण असते. कडक थंडीत ते वेगळे होऊन फिल्टरमध्ये साचते आणि टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी राहते. पूर्वी लडाखमध्ये चालक टाकीखाली जाळ करीत किंवा डिझेलमध्ये रॉकेल मिसळीत. जाळाने गाड्याही पेटल्या आहेत. आता तो उद्योग करण्याचे कारण नाही. उणे तेहतीस अंशांपर्यंत न गोठणारे हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखमध्ये आणले. नगरहून भरलेले साधे डिझेल पोटात घेऊन वर जाण्याऐवजी टाकी वाटेत रिकामी होत जाईल असे पाहावे आणि वर तिथलेच डिझेल भरावे. फिल्टर नवा घालावा, फिल्टरच्या तळाचे पाणी काढावे आणि हीटर प्लग तपासून घ्यावेत.

चौथा शत्रू बॅटरी. कडाक्याच्या थंडीत बॅटरीची ताकद निम्म्यावर येते, आणि त्याच वेळी घट्ट ऑइलमुळे सेल्फला जास्त ताकद लागते. पुरी चार्ज झालेली बॅटरी उणे पन्नास अंशांतही गोठत नाही. पण उतरलेल्या बॅटरीतील आम्ल पातळ होऊन ती उणे दहाच्या आसपासच गोठते आणि फुटते. म्हणून तीन-चार वर्षांची थकलेली बॅटरी घेऊन बर्फात जाऊ नये. टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवावी आणि वर पेट्रोलियम जेली लावावी. लष्करात राहून आलेले आमच्या परिचयाचे चालक सांगतात की, पूर्वी रात्री बॅटरी काढून झोपण्याच्या जागी घेऊन येत आणि सकाळी पुन्हा जोडीत. बॉनेटवर घोंगडे आणि रेडिएटरच्या तोंडावर पोते, हाही त्यांचाच उपाय. मात्र इंजिन तापल्यावर पोते काढायला विसरू नये.

कार्बुरेटरच्या जुन्या पेट्रोल गाडीची आणखी एक अडचण असते. झोजिलाएवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच राहतो. हवा कमी आणि पेट्रोल तेवढेच, म्हणून काळा धूर येतो, प्लग ओले होतात आणि चढावर दम लागतो. जाणता मिस्त्री त्यासाठी मिश्रण हलके करून देतो, एअर फिल्टर साफ करतो आणि प्लगची एक जोडी सोबत देतो. चोक ओढून वारंवार सेल्फ मारला तर इंजिन पेट्रोलने भरते. अशा वेळी थोडे थांबावे, हेच शहाणपण.

चाक, साखळी आणि ब्रेक

इंजिन सुरू झाले म्हणजे गाडी चालली असे नव्हे. बर्फावर रस्ता धरतो तो टायर. जुन्या गाडीला बहुधा जुनेच टायर असतात. नक्षी दिसते, पण रबर कडक झालेले असते. साधे रबर सात अंशांच्या खाली आणखी कडक होते. म्हणूनच कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर सक्तीचे आहेत. आपल्याकडे त्याऐवजी साखळ्या वापरतात. साखळी ओढणाऱ्या चाकाला बांधायची असते: ॲम्बॅसॅडर, पद्मिनी, साध्या जीपला मागच्या चाकांना, आणि मारुती ८०० सारख्या गाडीला पुढच्या. हे उलटे झाले तर साखळी बांधूनही गाडी जागच्या जागी फिरते. साखळी बांधण्याचा सराव येथेच, अंगणात, उजेडात करावा. वर बोटे बधिर झाल्यावर शिकता येत नाही. साखळी बांधून गाडी हळूच चालवावी आणि कोरडा रस्ता लागताच ती काढावी.

रात्री बर्फात गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नये. ओला झालेला ब्रेक सकाळी गोठून चिकटतो. गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाखाली दगड लावावा. वायपर काचेवरून उचलून ठेवावेत. गोठलेल्या काचेवर उकळते पाणी ओतू नये, काच तडकते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून दोन वर्षांनी ते बदलावे. उतारावर लहान गिअर ठेवावा आणि ब्रेक हलका दाबावा. करंजी घाटात किंवा चंदनापुरीच्या घाटात जो संयम लागतो, त्याच्या दसपट संयम बर्फात लागतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ.

बंद काचांतील मरण

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घरातील प्रत्येकाने ती वाचावी अशी आमची विनंती आहे.

पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी जानेवारी २०२२ मध्ये बर्फवादळात हजारो गाड्या रस्त्यात अडकल्या. लोकांनी काचा बंद केल्या, ऊब मिळावी म्हणून इंजिने चालू ठेवली आणि मदतीची वाट पाहिली. सकाळी गाड्यांत वीसहून अधिक माणसे मेलेली सापडली. त्यांत लहान मुलेही होती. नुसती थंडी नव्हे, तर गाडीत कोंडलेला विषारी वायूही अनेकांच्या मृत्यूस कारणीभूत झाला असावा, असे तेव्हा सांगण्यात आले.

हा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. इंजिन चालू असताना सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले की धूर मागे फिरतो आणि गाडीत शिरतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते. माणसाला वाटते, दमलो म्हणून झोप आली. जुन्या गाडीत धोका दुप्पट असतो, कारण सायलेन्सरला गंजाची भोके आणि तळाच्या पत्र्यालाही भोके. नगरच्या रस्त्यावर उघड्या काचांनी चालणाऱ्या गाडीत हा दोष कधी जाणवत नाही. बर्फात बंद काचांत तोच दोष जीव घेतो.

म्हणून डोंगराकडे जाण्यापूर्वी गाडी खड्ड्यावर चढवून सायलेन्सर, त्याचे जोड आणि तळाचा पत्रा मिस्त्रीकडून तपासून घ्यावा. भोक असेल तर चिकटपट्टी लावून भागवू नये; वेल्डिंग करावे किंवा पाइप बदलावा. बर्फात अडकलात तर आधी खाली उतरून फावड्याने सायलेन्सरचे तोंड मोकळे करावे. इंजिन थोडा वेळच चालवावे, वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी आणि एकाने जागे राहावे. गाडीत घोंगड्या, पाणी, कोरडे खाणे आणि फावडे असावे. हाच वायू कोळशाच्या शेगडीतूनही निघतो. तेव्हा हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणाऱ्यांनीही हा परिच्छेद स्वतःसाठी लिहिला आहे असे समजावे.

मीठ आणि गंज

परदेशातील नातेवाईक सांगतात की, तिकडे इंजिनाआधी गाडीचा पत्रा संपतो. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात रस्त्यावरील बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. मिठाचे पाणी शून्य अंशाच्या खालीही गोठत नाही, म्हणून रस्ता मोकळा राहतो. पण तेच पाणी गाडीच्या तळाला चिकटून पत्रा, चासी आणि ब्रेकच्या नळ्या खाते. आपल्याकडे कोकणात समुद्राची खारी हवा हेच काम सावकाश करते. नगरच्या कोरड्या हवेचा एवढा तरी फायदा आहे की, इथली जुनी गाडी पत्र्याने बहुधा शाबूत असते.

त्यावर उपाय नवा नाही. गाडीचा तळ वारंवार गोड्या पाण्याने धुणे, धुतल्यावर वाळू देणे, दाराच्या खालची पाणी निघण्याची भोके काडीने मोकळी ठेवणे आणि हिवाळ्यापूर्वी तळाला गंजरोधक थर देणे. गंज लागलेला भाग दिसला की वरून पुट्टी भरून रंग मारण्याचा मोह होतो. असे काम दिसायला गुळगुळीत, पण आतून गंज चालूच राहतो. गंज घासून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत जावे. पत्रा उरला नसेल तर तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडावा. मग प्रायमर, मग पुट्टी, मग रंग. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने रंग न पाहता तळ पाहावा. टॉर्च घेऊन खाली वाकण्याची लाज वाटू देऊ नये.

सजावट कोणासाठी?

जुन्या गाडीला नवे रूप देण्याची हौस तरुणांना असते. हौसेला आमचा विरोध नाही. नगरच्या रणगाडा संग्रहालयात, जे १९९४ पासून आहे, रोल्स रॉईसच्या सिल्व्हर घोस्टवर बांधलेली चिलखती मोटार पाहायला मिळते. राजेमहाराजे मिरवत त्या मोटारीच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे चढवून लढाईची गाडी केली गेली. झोजिलाच्या स्टुअर्टचे रूपही पुलांसाठी आणि गुप्ततेसाठी बदलले होते. दोन्ही ठिकाणी रूप बदलले ते कामासाठी, मिरवण्यासाठी नव्हे. आपल्यालाही हाच निकष लावता येईल.

बर्फाचा विचार केला तर रुंद, बाहेर आलेले टायर दिसायला दणकट वाटतात. पण ताज्या बर्फावर रुंद टायर वरच्या वर तरंगतो आणि अरुंद टायर खाली रुतून रस्ता धरतो. जास्त वॅटचे दिवे जुन्या वायरिंगवर टाकले तर वायर वितळते. रिले बसवून वायरिंग नवे करावे, मग दिवे बदलावेत. काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच मनाई केली आहे, आणि धुक्यात-बर्फात ती असणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधणे. याउलट दाराचे नवे रबर, चांगला हीटर, पिवळे धुक्याचे दिवे, जाड चटई आणि पुढे-मागे ओढण्याचे मजबूत हूक ही खरी उपयोगाची सजावट होय.

कायद्याची बाजूही जाणून घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीची मूळ रचना मनाला येईल तशी बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. रंग बदलता येतो, पण त्याची नोंद नोंदणीपुस्तकात करून घ्यावी लागते. छत कापणे, चासी लांबविणे असले उद्योग केले तर अपघातानंतर विम्याचे पैसे मिळण्यात अडचण येते आणि भोगावे लागते ते घरच्यांना. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये वेगळे 'व्हिंटेज' नियम केले आहेत. मात्र तशा गाड्या धंद्याला किंवा रोजच्या वापराला नेता येत नाहीत.

वही ठेवा

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवून मिळते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आहे. तेव्हा जुनी गाडी राखायची की मोडीत काढायची, हा प्रश्न प्रत्येक घरापुढे येतो. त्याचे उत्तर भावनेने नव्हे, हिशेबाने द्यावे, असे आम्ही सुचवितो.

दोनशे पानांची एक वही घ्या. डाव्या पानावर तारीख, किलोमीटर आणि केलेले काम. उजव्या पानावर खर्च. ऑइल कधी बदलले, फॅनबेल्ट कधी, ब्रेक शू कधी, बॅटरी कधी. वर्षाअखेर बेरीज करा. त्याच वापराच्या दुसऱ्या गाडीचा वर्षाचा हप्ता आणि विमा शेजारी मांडा. दुरुस्तीचा खर्च हप्त्याच्या खाली असेल, चासी शाबूत असेल आणि ब्रेक-स्टिअरिंग विश्वासाचे असेल, तर गाडी राखा. चासीलाच गंज असेल किंवा ब्रेकचा भरवसा नसेल, तर जीव अडकवू नका. अधिकृत भंगार केंद्रात देऊन प्रमाणपत्र घ्या. या वहीचा आणखी एक उपयोग आहे. वही नीट असेल तर नवखा मिस्त्रीही गाडीचा आजार लवकर ओळखतो, आणि एकच भाग दोनदा बदलल्याचे बिल कोणी लावू शकत नाही.

त्या हाताची किंमत

शेवटी त्या हाताविषयी. कापडाने ऑइल पुसणाऱ्या मुलाला आपण अजूनही 'ए पोऱ्या' म्हणून हाक मारतो. शिकलेला मुलगा गॅरेजात गेला की घरची माणसे मान खाली घालतात. आम्हाला हे पटत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४६, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते, आणि युद्धासाठी लागणाऱ्या कारागिरांना तांत्रिक शिक्षण देण्याचे काम त्या खात्याकडे होते. हाताच्या कामाला शिक्षणाची जोड मिळाली की तो हात कोणाचा मिंधा राहत नाही, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. मुलांप्रमाणे मुलींनीही तो करावा. इंजिन हात कोणाचा ते विचारत नाही, हात जाणता आहे की नाही एवढेच विचारते. उद्या विजेच्या गाड्या वाढतील. त्यांच्याही बॅटऱ्या थंडीत थकतात, त्यांचेही ब्रेक आणि टायर झिजतात. तेव्हा जाणत्या हाताचे काम संपणार नाही. त्याला नवी विद्या मात्र शिकावी लागेल.

सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन नगरच्या रणगाडा संग्रहालयात जरूर जावे. तोफा आणि पदके पाहून झाली की मुलांना रणगाड्याचे पट्टे, नट आणि जोड दाखवावेत आणि विचारावे, "हे बर्फात कोणी दुरुस्त केले असतील रे?" उत्तर मुलांना शोधू द्यावे. आणि घरी परतल्यावर आपली गाडी ज्या मिस्त्रीच्या हातात असते, त्याला एकदा नावाने, 'राव' किंवा 'भाऊ' लावून हाक मारावी. त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. डोंगरातल्या एखाद्या रात्री आपल्या लेकरांचा जीव त्याने आवळलेल्या एका नटावर अवलंबून असणार आहे.